हात लावण्याआधी श्वास मोजा

प्राण्यांच्या दवाखान्यात रुग्ण समोर आला की डॉक्टरचा हात आपोआप स्टेथोस्कोपकडे जातो. तो जरा आवरा. मालकाशी बोलता बोलता, कुत्रा जमिनीवर किंवा मांजर पेटीत निवांत असतानाच छातीची हालचाल ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. शांत कुत्र्या-मांजराचे श्वास मिनिटाला साधारण ३०च्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. एकदा धरलं की तो आकडा गेला.

माहिती घेताना "उलट्या होतात का?" असं विचारलं की नुसतं "हो" मिळतं. त्याऐवजी "शेवटचा अगदी ठणठणीत कधी होता? मग काय बदललं?" असं विचारा आणि गप्प बसा. मालक मधेच थांबतात, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो; खरी गोष्ट बहुतेकदा त्यानंतरच येते.

"बोका सारखा कुंथतोय, पोट साफ होत नाही" हे ऐकलं तर सावध; तो लघवीसाठीही कुंथत असू शकतो. लघवी शेवटची कधी आणि किती झाली ते विचारा, पोट हलक्या हाताने चाचपा. मूत्राशय टणक चेंडूसारखं लागलं तर लघवी तुंबली आहे. बाकी तपासणी नंतर.

दुखरा भाग आणि थर्मामीटर शेवटी. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर त्यांच्याऐवजी खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. आणि मांजराच्या गुरगुरण्यात हृदयाचे ठोके ऐकूच येत नसतील तर शेजारचा नळ सोडा, बऱ्याचदा ते गप्प होतं.