वाढ खुंटलेले कासव घरी आणल्यावर या चुका टाळा

घर बदलताना, परगावी जाताना किंवा मुलांची हौस फिटल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो : ‘कासव आहे, कोणाला हवे असल्यास घेऊन जा.’ सोबत प्लॅस्टिकचा टब, त्यात मधोमध प्लॅस्टिकचे नारळाचे झाड आणि सुक्या झिंग्यांचा अर्धा डबा मिळतो. माझ्याकडे असेच एक लाल कानाचे कासव (रेड-इअर्ड स्लायडर) आले. त्याचे वय सहा वर्षे असल्याचे सांगण्यात आले होते आणि पट्टी लावून मोजले तर पाठीच्या कवचाची लांबी जेमतेम 9 सेंटीमीटर भरली. या जातीचे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू सुमारे 3 सेंटीमीटरचे असते आणि पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सहा वर्षांत काय घडले असेल याची कल्पना येते.

‘कासव टाकीएवढेच वाढते’ हे दुकानदारांचे आवडते वाक्य साफ चुकीचे आहे. वाढ रोखणारी कारणे निराळीच असतात : थंड आणि घाण पाणी, ऊन खाण्यासाठी कोरडी जागा नसणे, अतिनील-ब किरणांचा अभाव आणि कॅल्शियम नसलेला आहार. मात्र उपाय सुरू करण्यापूर्वी आपले कासव खरोखरच खुजे आहे का, हे तपासावे. या जातीचा नर मादीपेक्षा बराच लहान राहतो आणि सुमारे 10 सेंटीमीटरचा झाला की वयात येऊ लागतो; पुढच्या पायांची नखे लांबलचक आणि शेपटी जाड व लांब असेल, तर तो नर आहे आणि त्याच्याकडून मादीच्या आकाराची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. जातीचीही खात्री करून घ्यावी. तारा कासव किंवा आपल्या नद्या-तळ्यांतले कुठलेही देशी कासव घरात पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी म्हणून कोणी प्रेमाने दिलेले का असेना. असे कासव हाती आले तर वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे.

आता सर्वांत मोठी चूक, जी मी स्वतः केली. बिचारे इतकी वर्षे उपाशी राहिले, आता त्याला भरपूर खाऊ घालू, या भावनेने मी पहिल्या आठवड्यात दिवसातून तीनदा गोळ्या टाकल्या. कासव शीतरक्ताचे असल्यामुळे त्याचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालते. पाणी 20 अंशांच्या खाली आणि पोटात अन्न, अशी स्थिती झाली की ते अन्न आतच सडू लागते. उरलेले पाण्यात कुजते ते वेगळेच. शिवाय प्रथिनांचा मारा झाला की मूत्रपिंडांवर ताण येतो, चरबी वाढते आणि मागच्या पायांच्या खोबणीतून मांस असे फुगून बाहेर येते की जणू आखूड झालेला सदरा अंगात कोंबला आहे. गेलेली वर्षे खाऊ घालून भरून निघत नाहीत. आधी ऊब, मग उजेड आणि त्यानंतर अन्न, हा क्रम मोडू नये. पाणी 25 ते 27 अंशांवर स्थिर झाल्यावरच थोडे थोडे खाणे द्यावे आणि कासवाने बाळसे धरले की सगळ्या मिळून त्याच्या डोक्याएवढ्या भरतील इतक्याच गोळ्या एक दिवसाआड पुरतात. निव्वळ सुके झिंगे हा आहार नव्हेच. त्यात अ जीवनसत्त्व नगण्य असते आणि डोळे सुजून मिटतात ते बहुधा त्यामुळेच. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने, किसलेले गाजर, काट्यासकट लहान मासा असे बदलते खाणे असावे. पालकाचा हट्ट मात्र सोडावा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. पक्ष्यांसाठी विकत मिळणारे समुद्रफेण नीट धुऊन पाण्यात टाकून ठेवले, तर कासव ते सवडीने कुरतडते.

उन्हाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, पण तिथेही दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे टब गॅलरीच्या काचेआड ठेवणे. काचेतून ऊब येते, अतिनील-ब किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि त्या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नसल्याने खाल्लेले कॅल्शियम वाया जाते. दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे उथळ टब एप्रिलच्या दुपारी थेट उन्हात ठेवून विसरून जाणे. पाणी बघता बघता तापते आणि कासवाला पळायला जागा नसते. सकाळचे अर्धा तास ऊन, टबाच्या अर्ध्या भागावर सावली आणि कावळे-घारींसाठी वर जाळी, एवढी तजवीज हवी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, म्हणून यूव्हीबी (अतिनील-ब किरण देणारा) दिवा घ्यावाच लागतो. तो डोळ्यांना पेटलेला दिसला तरी त्याचे किरण क्षीण होत जातात, त्यामुळे उत्पादकाने दिलेल्या मुदतीप्रमाणे, साधारण सहा ते बारा महिन्यांत, बदलावा. ऊन खाण्याच्या जागेचे तापमान 32 अंशांच्या आसपास असावे आणि ती जागा पूर्ण कोरडी असावी.

वर्षानुवर्षे बोटभर पाण्यात राहिलेल्या कासवाला एकदम खोल टाकीत सोडू नये. त्याच्या स्नायूंत पोहण्याचे बळ नसते आणि ते बुडू शकते. मात्र पाणी इतके उथळही नको की उलटे पडल्यास त्याला पालथे होता येणार नाही. माझ्या कासवासाठी 15 सेंटीमीटरपासून सुरुवात करून तीन महिन्यांत खोली दुप्पट केली, कडेला चढायला दगड ठेवला.

कवच अंगठ्याखाली दबत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, पोहताना अंग एका बाजूला कलत असेल, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. औषध मनाने देऊ नये : कुत्र्यांसाठी सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला मारक ठरते आणि अ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा डोस जास्त झाल्यास कातडी सोलवटून निघते. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, म्हणून टब स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये.

कंटाळा आला म्हणून देवळाच्या तळ्यात सोडण्याचा ‘पुण्याचा’ मार्गही बंद समजावा. हे प्राणी मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले असून आपल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर ते अतिक्रमण करतात.

मोजमाप रोज घेऊ नये, महिन्यातून एकदा पुरते. स्वयंपाकघरातल्या नव्हे, तर कासवासाठी वेगळ्या ठेवलेल्या वजनकाट्यावर माझे कासव पहिले चार महिने जवळपास तेवढेच भरत होते. पाचव्या महिन्यात पाठीवरच्या खवल्यांच्या सांध्यांमधून फिकट पिवळसर, केसाएवढ्या रेषा दिसू लागल्या. अनेकांना ही बुरशी वाटते आणि ते दातांच्या ब्रशने घासतात किंवा त्यावर मलम लावतात. ती रेषा टणक असेल, तिला वास नसेल आणि ती सांध्यापुरतीच असेल, तर ती नवी वाढ आहे. तिला हात लावू नये.