लहान निधीसाठी अर्ज करताय? आरोग्य शिक्षणाचं काम करणाऱ्या बायकांनी या चुका टाळा

मध्यंतरी एका ताईंचा अर्ज वाचत होते. पहिलीच ओळ होती, 'महिलांचे सर्वांगीण आरोग्य व सक्षमीकरण'. पानभर वाचूनही त्या नेमकं काय करणार ते कळेना. शेवटी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, तुमच्याकडे खरं अडतं कुठे?" त्या लगेच म्हणाल्या, "मुलाला जुलाब लागले की आया त्याचं पाणीच तोडतात. पाण्याने जुलाब वाढतात म्हणतात." खरा अर्ज हा होता, आणि तो कागदावर आलाच नव्हता.

लहान निधी एका अडचणीपुरता असतो. ती कोणाला आहे, किती घरांत आहे आणि सहा महिन्यांनी काय वेगळं दिसेल, एवढं तुमच्याच बोलीत लिहा. जड शब्द दुसऱ्याकडून उसने आणले की मुलाखतीत त्याच शब्दांवर अडकायला होतं.

सत्रं मोजली, शिकणं राहिलं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. अहवालात '४० सत्रे, ८०० लाभार्थी' असतं, पण त्यातल्या कितीजणींना काही करता येऊ लागलं याचा पत्ता नसतो.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघरी कार्यकर्त्या पाठवून आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत त्या पोचल्या. कार्यकर्तीचा मोबदला किती घरं फिरली यावर ठरत नसे. नंतर दुसरं पथक काही घरी जाऊन आयांना काय आठवतं, पाणी बरोबर करता येतं का ते तपासायचं, आणि त्यावर मोबदला मिळायचा. एवढं करूनही सुरुवातीला बऱ्याच आया मूल आजारी पडल्यावर ते पाणी देतच नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांशी कोणी बोललंच नव्हतं. मग या दोन्ही गोष्टी सुधारल्या. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी आपली चूक शोधून काढली आणि मांडली.

तुम्हीही सत्रानंतर महिनाभराने दहा घरी जा. तोंडी विचारू नका, जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी समोर करून दाखवायला सांगा. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. तिचा चमचा सपाट भरतो की शिगोशीग, ते बघा. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो. दहापैकी चौघींचं बरोबर आलं तर अहवालात चारच लिहा, आणि बाकीच्या सहाजणींचं कुठे चुकलं तेही लिहा. असा अहवाल देणाऱ्या बाईवर निधी देणाऱ्यांचा विश्वास बसतो.

एकटीने बोलत राहणं, आणि फार पसरणं

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावातल्याच बायकांनी महिन्यातून एकदा गट जमवले. त्यांनी भाषणं दिली नाहीत. बाळंतपणात काय काय बिघडतं ते गटानेच सांगायचं आणि उपायही गटानेच ठरवायचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २०१३ मध्ये अशा सात अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. जिथे गर्भवतींपैकी किमान ३० टक्के जणी गटात येत होत्या, तिथे परिणाम ठळक होता. म्हणून वीस गावांत एकेक बैठक लिहिण्यापेक्षा दोनच गावं घ्या आणि तिथे दर महिन्याला जा.

अंदाजपत्रकात तुम्ही कुठे आहात?

फलक, पत्रकं, माईकभाडं असं सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या मानधनाच्या रकान्यात मात्र शून्य. 'सेवेचे पैसे कसे मागायचे' हा संकोच मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलाय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. तुमचे तास, प्रवास, फोनचा खर्च, बैठकीच्या वेळी लेकरं सांभाळणारीचा मोबदला हा सगळा कामाचाच खर्च आहे. मानधन नियमात बसत नसेल तर तेच तास 'संस्थेचा वाटा' म्हणून आकड्यात दाखवा. शून्य लिहिलंत की पुढच्या वर्षीही तेच गृहीत धरलं जातं.

काम सुरू झाल्यावर अडलं तर

बायका येत नसतील तर आधी वेळ बदलून बघा, मग विषय. बैठक कधी ठेवायची ते त्यांनाच विचारा.

पावती मिळत नसेल तर त्याच दिवशी तारीख, रक्कम, कारण लिहून पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या. असं व्हाउचर चालेल का, हे निधी देणाऱ्यांना सुरुवातीलाच लेखी विचारून ठेवा.

अंदाजपत्रकातल्या एका बाबीचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर खर्चाआधी कळवा, नंतर नाही.

फोटो संमतीशिवाय नको. क्षयरोग, एचआयव्ही किंवा गर्भनिरोधनाच्या बैठकीत तर चेहरे टिपूच नका. हजेरीच्या कागदावर विषयाचं नाव दिसलं तरी एखादीला घरी त्रास होऊ शकतो.

अर्ज नाकारला गेला तर आठवडाभरात दोन ओळींचं पत्र लिहा आणि विचारा की नेमकं काय कमी पडलं. उत्तर आलं तर त्याच अर्जाला टाचून ठेवा, पुढचा अर्ज लिहिताना ते आधी उघडा.