गाळ उपसायची घाई नको
आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागात वेदगंगा-दूधगंगेच्या पुराचं पाणी ओसरलं की लगेच जेसीबी बोलावू नका. रानात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ-वाळू साचली असेल, तर आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत अल्प व सीमांत शेतकऱ्यांना तो काढायला हेक्टरी १८,००० रुपयांची तरतूद आहे. पण थर अधिकाऱ्यानं प्रमाणित करायला हवा. उपसलेल्या रानात तो काय मोजणार? बांधालगत नको, रानाच्या मधोमध खड्डा घ्या, टेप उभी धरून फोटो काढा आणि तलाठ्याला जागेवर आणा. उताऱ्यावर कन्नडमध्ये नाव भलतंच पडलेलं असतं (आपल्याकडं नेहमीचंच!), ते आधारशी जुळतंय का बघा. फ्रूट्स आयडीला (कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीचा क्रमांक) सगळे सर्व्हे नंबर जोडलेत ना, तेही तपासा. पिकाची भरपाई वेगळी. तिला किमान ३३ टक्के नुकसान लागतं.