पोलिश आडनाव कसे उलगडावे?

पोलिश आडनाव समोर आले की आधी त्याचा शेवट पाहावा. 'स्की' किंवा 'त्स्की' हा मुळात विशेषणाचा प्रत्यय असून, आपल्या 'कर'प्रमाणे तो बहुधा गावाशी नाते सांगतो. तार्नुफचा तो तार्नोफ्स्की. सरदारांची ही रीत पुढे शेतकरी-कारागिरांनीही उचलली, त्यामुळे 'स्की' दिसताच खानदान शोधू नये. कोवाल म्हणजे लोहार, आणि कोवाल्स्की त्यावरूनही होतो. विशेषण असल्याने त्याचे लिंग बदलते, म्हणजे नवरा कोवाल्स्की तर बायको कोवाल्स्का. जुन्या दप्तरांत दोन्ही रूपे तपासावीत, नाहीतर आजी हाती लागायची नाही. शेवटी 'विच' असल्यास त्याआधी बहुधा बापाचे नाव सापडते, जसे आदामोविचमध्ये आदाम. प्रत्ययाने उलगडा न झाल्यास शब्दकोश उघडावा. पोलंडमध्ये सर्वाधिक आढळणारे नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला माणूस.