रिअ‍ॅक्टमधलं लॉगिन पान: सर्व्हरकडचं काय द्यायचं आणि कसं

कीक्लोक म्हणजे अ‍ॅप्ससाठी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर. त्याची लॉगिन थीम, म्हणजे लॉगिनच्या पानांचं रूप, फ्रीमार्कर या टेम्प्लेट भाषेत होती तोवर ब्राउझरला कोणता डेटा द्यायचा हा प्रश्नच नव्हता. टेम्प्लेट सर्व्हरवर चालायचं, त्याने छापलं तेवढंच ब्राउझरकडे जायचं. तीच थीम रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये पान उभं करणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, केली की ब्राउझरमधल्या कोडला डेटा लागतो. मग टेम्प्लेटच्या हाताशी असलेला सगळा पसारा जेसन (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) करून एका स्क्रिप्ट टॅगमध्ये ओतायची पद्धत पडते. अजून लॉगिनही न केलेला कोणीही तो वाचू शकतो. 'पण आम्ही ते स्क्रीनवर दाखवतच नाही' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दाखवलं नाहीत, पण पाठवलंत ना?

आधी सध्या काय जातंय ते बघा. इन्कॉग्निटो विंडोत पान उघडा, व्ह्यू सोर्स करा आणि स्क्रिप्ट टॅगमधलं जेसन पूर्ण वाचा. चुकीचा पासवर्ड टाकून, पासवर्ड विसरलो, ओटीपी, प्रोफाइल अपडेट अशी सगळी पानं बघा, कारण प्रत्येक पानाचा डेटा वेगळा असतो.

मग पानाला खरोखर काय लागतं त्याची यादी करा. फॉर्म कुठे पाठवायचा तो पत्ता, रेल्मचं (कीक्लोकमधला युजर आणि अ‍ॅप्सचा स्वतंत्र विभाग) दाखवायचं नाव, नोंदणी आणि पासवर्ड रिसेट चालू आहे का, संदेश, भाषा, टाइप केलेलं युजरनेम, गूगलसारख्या लॉगिनची बटणं. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं.

आता खरी मेख. ही यादी अमलात आणताना दहापैकी नऊ जण 'नको ते वगळा' या बाजूने सुरुवात करतात. मीही केली होती. सगळं ओतायचं आणि त्यातून पाच-सहा नावं काढून टाकायची. एका प्रकल्पात एसएमएसने ओटीपी पाठवायला आम्ही स्वतःचा ऑथेंटिकेटर (लॉगिनची जादा पायरी) लिहिला होता आणि एसएमएस गेटवेची गुप्त की मीच क्लायंटच्या, म्हणजे कीक्लोकमध्ये नोंदवलेल्या अ‍ॅपच्या, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवली होती. कीक्लोक टेम्प्लेटला जो क्लायंट देतो, त्यात नाव-वर्णनासोबत हे अ‍ॅट्रिब्यूटही असतात. माझ्या वगळण्याच्या यादीत त्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव नव्हतं, कारण यादी लिहिली तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता! टेस्टिंगवाल्या मुलीने व्ह्यू सोर्समध्ये की दाखवली तेव्हा घशाला कोरड पडली. त्या रात्री की बदलली. की एकदा पानात गेली की कोडमधून काढून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते.

तेव्हापासून मी एकच रीत पाळतो: द्यायचं ते एकेक नाव घेऊन द्यायचं. ऑब्जेक्टवर लूप नाही, 'क्लायंट' अख्खा नाही, फक्त क्लायंटचं नाव. उद्या कीक्लोकच्या नव्या आवृत्तीत एखादं फील्ड वाढलं, तरी ते आपोआप बाहेर पडत नाही. फार तर पानावर काहीतरी दिसेनासं होईल, ते कोणीतरी सांगेलच; गळती झालेली मात्र कोणी सांगत नाही. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या 2019 च्या एपीआय धोक्यांच्या यादीत गरजेपेक्षा जास्त डेटा देणं हा स्वतंत्र धोका होता. 2023 च्या यादीत तो कोणतं फील्ड कोणाला दिसावं या मोठ्या मुद्द्यात गेला, दुखणं तेच.

हाताने लिहिताना एक खड्डा आहे. फॉर्मच्या पत्त्यात अँपरसँड (&) असतात, आणि कीक्लोकचं टेम्प्लेट छापताना आपोआप एचटीएमएल एस्केपिंग करतं, म्हणजे & च्या जागी & लिहितं. स्क्रिप्टमध्ये त्या पत्त्याचं वाटोळं होतं, लॉगिनचं बटण दाबलं की चूक येते. मग नेटवरचा कोणी उंटावरचा शहाणा सांगतो, 'नो-एस्क' (हे एस्केपिंग बंद करणारी फ्रीमार्करची खूण) लावा. लावा, पण आधी 'जेएस-स्ट्रिंग' (मजकूर जावास्क्रिप्टच्या अवतरणात सुरक्षित करणारी खूण) लावून मगच. नुसतं नो-एस्क म्हणजे युजरनेमच्या चौकटीत टाकलेलं काहीही जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये. चुकीच्या पासवर्डनंतर ते युजरनेम पानात परत येतंच. मी युजरनेममध्ये अवतरणचिन्ह आणि स्क्रिप्ट टॅग बंद करणारा मजकूर टाकून बघितल्याशिवाय थीम पुढे पाठवत नाही.

बिल्डसाठी व्हीट (Vite) हे साधन वापरत असाल तर त्याच्या नावाच्या उपसर्गाचे (VITE_) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोडमध्ये वापरले की थेट ब्राउझरकडे जाणाऱ्या बंडलमध्ये जातात. तिथे गुपित ठेवू नका.

शेवटी बिल्डमध्ये एक चाचणी टाका: पान कर्ल या कमांडने आणायचं, जेसनमधल्या सगळ्या फील्डची नावं, आतल्या पातळ्यांसकट, फाइलमधल्या यादीशी ताडायची, एकही नाव जास्त निघालं की बिल्ड पाडायचा. प्रोफाइल अपडेटच्या पानासाठी यादी वेगळी ठेवा. तिथे माणूस ओळखलेला असतो आणि त्याचा फोन नंबरही त्याच स्क्रिप्ट टॅगमध्ये येऊ शकतो.