पोटुशी असताना लसीची भीती वाटली तर काय करायचं

रात्रीचे दोन, चौथा महिना, आणि माझी धाकटी जाऊ गोधडीत तोंड घालून मोबाईलवर "टीडी लस बाळाला धोका" (टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस) टाईप करतेय, हे राजारामपुरीतल्या आमच्याच घरात मी बघितलंय. सकाळी तिनं चहा ओततानाच सांगून टाकलं, मी इंजेक्शन घेणार नाही. तर आमच्या कामाला काय आलं ते सांगते.

पहिलं, रात्री नऊनंतर सर्च नाही. बंदच कर म्हटलं तर कोण ऐकतंय, पण एक तसला व्हिडिओ बघितला की मोबाईल अजून दहा पुढ्यात टाकतो, आणि झोप उडाली की प्रत्येक कळ मोठी वाटते.

मग भीती वहीत लिहायची, प्रश्न करून, एका ओळीत. "काय तरी होतंय म्हणतात" असलं नको, "टीडीनं गर्भपात होतो का?" असं. तिच्या अकरा भीत्यांचे प्रश्न चारच निघाले, बाकी सगळा एकाच फॉरवर्डचा पसारा.

आता लसीचं नाव नीट वाचा, घोळ इथंच होतो. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या लसी जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूच्या असतात, त्या गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे "गरोदर बाईला लस चालत नाही" हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलं की पसरतं लई. टीडीत जिवंत जंतू नसतो, धनुर्वात आणि घटसर्पाच्या जंतूंचं निकामी केलेलं विष असतं. पहिला डोस नाव नोंदवल्यावर लवकर, दुसरा चार आठवड्यांनी, आणि आधीच्या गरोदरपणात दोन घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर एकच बूस्टर. आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाला मिळतात, नाळेच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वातापासून त्याला तेच वाचवतं. बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात 2015 मध्ये भारतातून हटल्याचं जाहीर झालं, पण जंतू मातीत आहेच की, म्हणून लस चालूच आहे.

वही घेऊन जायचं कुठं? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. गर्दी असते, डबा न्या. जावेला आधी एका डॉक्टरांनी "गुगल वाचून येऊ नका" म्हणून वाटेला लावलं होतं, मला अजून राग येतो त्याचा, विचारणाऱ्या बाईला गप्प केलं की ती परत मोबाईलकडंच जाणार ना. असं झालं तर सिस्टरना नाहीतर आशाताईंना विचारा, 104 वर फोन करा.

लस घेतल्यावर दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, गोळी विचारूनच घ्या. पण अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोळ्यापुढं अंधारी, बाळाची हालचाल कमी, यातलं काही झालं तर लस घेतलेली असो वा नसो, सर्च करत बसायचं नाही, सरळ दवाखाना, गाडी नसेल तर 108.

जावेचा दंड दोन दिवस दुखला. वहीत पाचवा प्रश्न तिनं त्यानंतर लिहिला, रंकाळ्यावरची भेळ चालते का.