पन्हाळ्याला जाताय? मुक्काम गडावरच करा

बहुतेक जण कोल्हापुरात उतरतात, अंबाबाईचं दर्शन घेतात आणि दुपारी दोन-तीन तासांत पन्हाळा 'उरकतात'. अंतर जेमतेम २० किलोमीटर, त्यामुळे मोह होतोच. पण पन्हाळा हे गडावर वसलेलं नांदतं गाव आहे. एक रात्र तिथेच राहा. सकाळी गर्दी व्हायच्या आत तीन दरवाजा, अंधार बाव आणि अंबरखाना चालत बघून होतात. अंबरखान्यातल्या गंगा कोठीत जरूर शिरा. धान्य वरच्या झरोक्यांतून आत ओतायचे, ते झरोके मान वर केली की दिसतात.

दुसरा दिवस मसाई पठारासाठी ठेवा. जुलै १६६० मध्ये महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ती वाट याच पठारावरून जाते. पावसाळ्यात पावनखिंडीपर्यंतची मोहीम करायची असेल तर ओळखीच्या गटाबरोबरच जा. एका दिवसात उरकण्याइतकी ती सोपी नाही. नुसतं पठार बघायचं तरी वाटाड्या घ्या. धुकं उतरलं की सपाटीवर दिशाच कळत नाही, आणि फोनवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. बूट चांगल्या पकडीचे हवेत, कारण ओल्या जांभ्यावर पाय सटकतो. छत्री खोलीवरच ठेवा, त्या वाऱ्यात ती उलटीच होते, रेनकोट घ्या.

जेवायला झुणका-भाकर, खर्डा आणि दही मागा. खर्डा जरा जपूनच.